मागच्या दाराची शपथ

॥ श्री गावदेवी प्रसन्न ॥

अंजूर
मंगळवार, २८ जानेवारी २०२५

ती. पुतळाबाय यांस,

धाकट्या जावेचा, विनिताचा साष्टांग नमस्कार. घरची सगळी माणसं धडधाकट आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही घाबरणार नाही. कागदाला हसू नका. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची मागची बाजू कोरी पडलेली असताना नवी वही फाडायला माझं मन होत नाही. तुम्हाला फोनवर ऐकू येत असतं तर एवढाही कागद लागला नसता. मनोज गुरुवारी टेम्पोतून गणेशपुरीला तांदूळ पोचवतो, त्याच्या हाती हे पत्र देते.

गोडाऊनच्या आगीचं तुमच्या भावेशने तुम्हाला सांगितलंच असेल. दुसऱ्या दिवशी सकाळीच आईला भेटून आलो, असं तो म्हणाला. बरं केलं त्याने. अशा वेळी पोराला आईच आठवते. आग गेल्या मंगळवारी दुपारी लागली. पॅकिंगच्या बायांपैकी बहुतेक पुढून बाहेर पडल्या. तिघी मागच्या दाराकडे धावल्या आणि तिथेच धुरात गेल्या. एक फूलमती, शेजारच्या गोडाऊनमध्ये हमाली करणाऱ्या रामूची बायको. दुसऱ्या दोघी टेमघरच्या सख्ख्या बहिणी, नसीम आणि शाहीन.

आमच्या भजनी मंडळाने त्या दिवसापासून टाळ गुंडाळून ठेवले आहेत. भाजलेल्या बायांसाठी रोज डबे नेतो. हॉस्पिटलात सायरा मोमीन म्हणून बाई भेटल्या. टेमघरच्या मशिदीजवळच्या बायांचा त्यांचा गट आहे. त्या दोघी बहिणींना त्यांनीच आंघोळ घातली, कफन केलं. फूलमतीला घालायला कुणी बाईमाणूस नव्हतं, तर सायराने मला विचारलं, "आपा, आप लोगों में कैसे करते हैं? बताओ, मैं पानी पकड़ती हूँ." तेव्हापासून आम्ही मिळून सेवागट केला आहे. सकाळी आमच्या देवळाच्या मंडपात बसतो, दुपारी त्यांच्या मदरशाच्या खोलीत. मेलेल्यांच्या घरच्यांना भरपाई मिळावी, कुणाची चूक ते ठरावं, आणि बाकीच्या गोडाऊनमध्ये पुन्हा असं होऊ नये, एवढं काम धरलं आहे. हिशेब माझ्याकडे.

आता खरी गोष्ट. जागा आपली, बायांचं कंत्राट भावेशचं, मागच्या दाराची चावी त्याच्याकडे. रामू म्हणतो, "मैंने देखा काकी, बाहर से ताला था." भावेश म्हणतो, दार उघडंच होतं, धुरात बायांना कडी सापडली नाही. रामूला पोलिसात तक्रार द्यायची आहे. कुलूप होतं असं ठरलं तर भावेश आत जाईल. नव्हतं असं ठरलं तर तिघींच्या माणसांना नशीब म्हणून गप्प बसावं लागेल.

बाय, भावेशला मी न्हाऊ घातलंय. त्याने असं केलं असेल, हे माझ्याच्याने धरवत नाही. म्हणून मी मंडळात सुचवलं की आपल्या रीतीने देवीसमोर शपथ होऊ दे. गावदेवीच्या पायरीवर आजवर कुणी खोटं बोललेलं नाही. सगळ्यांनी मान्य केलं, रामूनेही. ७ फेब्रुवारी, शुक्रवार ठरला आहे. शपथ घेणाऱ्याच्या हाती नारळ आईने द्यायचा असतो. तुम्ही या. मनोज पुढच्या सीटवर बसवून आणील.

तुमची,
विनिता


गनेशपुरी
२ फेब्रुवारी

विनितास आशीर्वाद,

पत्र मिलालं. मी चौथी शिकलेली, बोलते तशी लिवते, वाचून घे.

माजं गुडघं उचलत न्हाय. मी येनार न्हाय. आन विनिता, पोराला देवीपुढं उभं करू नको. पोलिसाला काय सांगायचं ते तो सांगंल, कोरटात सांगंल. मानसांचं मानसांत राहू दे. देवीला कशाला मदी घेतेस. तुजं मंडल तू सांबाल, भजन कर, डबं दे. येवडं माजं आयक.

करायचंच असंल तर नारल तू दे. तू बी त्याची आईच हायस.

पुतलाबाय


अंजूर
रविवार, ९ फेब्रुवारी

ती. पुतळाबाय यांस,

सा. न.

तुम्ही माझ्यावर रागावलात, हे पत्रावरून कळलं. तुमच्या पोरावर मी संशय घेतला, असं तुम्हाला वाटलं असणार. संशय असता तर मी शपथेची वाट काढलीच नसती. त्याच्यावरचा डाग धुऊन निघावा म्हणून हे केलं.

शुक्रवारी सकाळी देऊळ भरलं होतं. सायरा आणि तिच्या पाच-सहाजणी पायरीखाली सावलीत बसल्या. "वर या" म्हटलं, तर सायरा म्हणाली, "यहीं से दिखता है. आपका भरोसा है तो हम भी देख लेते हैं." आपल्या आळीतल्या सरोजिनी मॅडम मात्र तोंड बंद ठेवतील तर शपथ. निवृत्त झाल्या तरी अख्खं गाव त्यांना वर्गच वाटतो. म्हणाल्या, "आधी पोलिसात जबाब लिहून द्या, मग नारळ हवे तेवढे फोडा." मी म्हटलं, "मॅडम, पोलिसासमोर माणूस विचार करून बोलतो. देवीसमोर विचार करायची सोय नाही." बाया हसल्या. मॅडम म्हणाल्या, "विनिताबाई, लोक सगळीकडेच विचार करतात." तेवढ्यात भावेश विहिरीवरून ओल्या अंगाने आला.

नारळ मी दिला. त्याचे हात गार होते. थंडी होती, पंचा ओला होता. त्याने देवीचा अंगारा जिभेवर ठेवला, पायरीवर उजवा हात टेकवला आणि मोठ्याने म्हणाला, "त्या दिवशी मागचं दार उघडं होतं. खोटं असेल तर सव्वा महिन्यात माझ्या घराने भरावं." एकदाही अडखळला नाही. मला रडू आलं. आमचे हे तिथेच म्हणाले, "रडतेस काय, सुटला पोरगा."

रामूने देवीला डोकं टेकलं आणि म्हणाला, "माता के सामने बोल दिया तो अब मैं क्या बोलूँ." तक्रार नाही म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी पोलिसात अंगठा दिला. रीतीप्रमाणे १६ मार्चपर्यंत, मुदत पुरी होईस्तोवर, त्या दाराबद्दल कुणी बोलायचं नाही. या मुदतीत भावेशच्या घरात काही वाईट झालं नाही की तो निर्दोष, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. तुम्ही निर्धास्त राहा.

भाविका सुनेसारखी वागली. सगळ्या बायांना पोहे आणि चहा तिनेच दिला. नवऱ्याची शपथ आणि हिच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नाही. आजकालच्या मुलींचं काळीज घट्ट असतं.

विनिता


गनेशपुरी
१३ फेब्रुवारी

विनितास आशीर्वाद,

मी रागावले न्हाय. रागाचं काय त्यात.

परवा वजरेश्वरीला जाऊन आले. देवीची ओटी भरली. पोराच्या नावानं जे काय येनार असंल ते माज्या पदरात टाक, येवडंच मागून आले. आईनं मागितलं तर देवी आयकते.

मनोजकडं पिशवी दिली हाय. माज्या साखरंच्या गोल्या हायत त्यात, दोन महिन्याच्या. डाक्टर बोलला आता लागनार न्हाय. तुमच्या सेवागटात कोना गरिबाला दे. वाया घालू नको, तू घालनार बी न्हायस म्हना.

भाविकाला सांग, भावेशच्या जेवनाकडं बघ.

पुतलाबाय


अंजूर
गुरुवार, २० फेब्रुवारी

ती. पुतळाबाय यांस,

सा. न. गोळ्या मिळाल्या. साखर उतरली, हे वाचून फार बरं वाटलं. कुंडातलं गरम पाणी आणि पथ्य, दोन्ही लागू पडलं असणार. रामूच्या आईला साखर आहे आणि सून गेल्यापासून तिच्या औषधाकडे बघणारं कुणी नाही. चिठ्ठी दाखवून विचारलं तर गोळी तीच निघाली. तिलाच दिल्या. म्हातारी म्हणाली, "तुम्हारी जेठानी को भगवान सौ साल दे." तेव्हा तुमच्या नावावर एक आशीर्वाद जमा झाला.

इथे मात्र गटाचं बिघडत चाललं आहे. आम्ही दोघी-दोघी मिळून, एक देवळातली आणि एक मशिदीतली, आसपासच्या गोडाऊनचं मागचं दार बघायला जातो. दार उघडून दाखवा म्हणतो. कुठे वॉचमन हसतात. एक म्हणाला, "भजन करा काकी, फायर ब्रिगेडची ड्युटी का करता?" पण चार ठिकाणी आम्ही उभ्या राहिल्यावर कुलपं निघाली. बायांनी आतून टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी घरी येऊन मी देवीला साखर ठेवली.

मग शनिवारी आपल्या गोडाऊनचे जळके पत्रे उतरवले. भावेश म्हणाला, कोसळून कुणाच्या अंगावर यायचे. मागचं दारही त्यातच भंगारात गेलं. सायराला कळलं तशी ती धावत देवळात आली, चपला काढायचंही भान नव्हतं. "आपा, दरवाज़ा कहाँ गया?" मी म्हटलं, भंगारात. ती म्हणाली, "वही तो था. कुंडी मुड़ी थी कि नहीं, ताले का निशान था कि नहीं, सब उसी पर था." मी म्हटलं, मुदत संपेपर्यंत त्यावर बोलायचं नाही असं ठरलंय ना आपलं. तेव्हा तिने माझ्याकडे जे पाहिलं, ते विसरता येत नाही. म्हणाली, "आपकी देवी को टाइम चाहिए, ठीक है. लेकिन उतने टाइम में भावेश भाई तो ख़ाली नहीं बैठे हैं."

मी फार लागट बोलले तिला. तुमच्या देवाला आम्ही असं म्हणतो का, म्हणाले. ती निघून गेली. तेव्हापासून तिच्या बाया मंडपात येत नाहीत. दारं बघायलाही आम्ही वेगवेगळ्या जातो आणि वेगळं गेल्यावर कुणी दार उघडत नाही.

कामगारांच्या कचेरीतले साहेब म्हणाले, तक्रार नाही, दार नाही, मग चौकशी कशाची करायची? सरोजिनी मॅडम मागे उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

भावेश असा का घाईला आला? तुम्हाला काही बोलला होता का? तो माझ्याशी धड बोलत नाही, आणि तुम्ही आई आहात म्हणून विचारते.

विनिता


गनेशपुरी
२६ फेब्रुवारी, शिवरात

विनितास,

भावेश काय बोलला न्हाय. त्याला तरास देऊ नको.

अक्षर वाकडं हाय, ताप हाय थोरा. कुंडात पाय टाकून बसले व्हते. पानी कडक व्हतं, मना कललंच न्हाय. घरी येऊन बघते तर पावलाचं कातडं सुटलेलं. हलद लावली हाय. शेजारीन वास येतो बोलते, दार लावून घेते मंग मी.

तू येऊ नको. तुजं काम असंल.

त्या तीन बाया कशा व्हत्या दिसायला? फोटू असंल तर पाठव. न्हायतर नको पाठवू.

पुतलाबाय


अंजूर
मंगळवार, ४ मार्च

ती. पुतळाबाय यांस,

शनिवारी तुमच्या खोलीतून निघाले, ती एसटीत कशी बसले आणि घरी कशी पोचले ते आठवत नाही. तुम्ही जे बोललात, ते दोन दिवस मनात धरून ठेवलं. लिहून काढल्याशिवाय मला ते खरं वाटणार नाही, म्हणून लिहिते. चुकलं असेल तर कळवा. चुकलेलं निघावं अशी माझी फार इच्छा आहे.

तुम्ही म्हणालात की आगीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भावेश आला, तुमच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "आई, दार मीच लावलं होतं. मागून माल चोरीला जात होता. जेवणाच्या सुट्टीनंतर उघडायचं राहून गेलं." चावी त्याच्या खिशात होती. तुम्ही दोघं नदीवर गेलात आणि ती तिथे टाकलीत. मग मी शपथेचं लिहिलं. तुम्ही नको म्हणालात आणि मला वाटलं, तुम्ही रागावलात. म्हणून तुम्ही वज्रेश्वरीला जाऊन ती शपथ स्वतःवर मागून घेतलीत. कुठल्याही डॉक्टरने गोळ्या बंद केल्या नव्हत्या. देवीला तुम्हाला न्यायला सोपं जावं म्हणून तुम्हीच त्या सोडल्यात. आणि मी त्या गोळ्या आनंदाने वाटल्या.

तुमचं पाऊल मी पाहिलं आहे, बाय. अंगठा काळा पडला आहे. मी डॉक्टर आणते म्हटलं, तर तुम्ही माझा हात धरून ठेवलात. एवढ्या तापात एवढा जोर कुठून आला तुम्हाला?

माझ्या मनात एक घाण विचार येतो. तुमच्यापासून तो लपवणार नाही. १६ तारखेच्या आत तुम्ही गेलात तर गावाला आपोआप कळेल की शपथ खोटी होती. वाचलात तर भावेश निर्दोष ठरेल आणि त्या तिघींचं नाव कुणी काढणार नाही. संध्याकाळी देवीपुढे वात लावते आणि हात जोडून तशीच उभी राहते. काय मागू ते कळत नाही. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

म्हणून तुमच्याकडेच मागते. आधी इलाज करा. मी मनोजला सांगून ठेवलं आहे, तो केव्हाही नेईल. आणि बऱ्या व्हा, मग भावेशने तुम्हाला जे सांगितलं ते पोलिसांना सांगा. तुमच्याशिवाय ते सांगणारं आता कुणी उरलं नाही. शपथ तुम्ही अंगावर घेतलीत, पण फूलमतीने तुमच्याकडे ते मागितलं नव्हतं. तुम्ही मेल्याने तिचं काय फिटतं? सायराने उद्या विचारलं, "आपा, दरवाज़ा किसने बंद किया?" तर मी तोंड कुठे लपवू?

भावेशला मी अजून काही बोललेले नाही. ह्यांनाही नाही.

विनिता


गनेशपुरी
८ मार्च

विनिता,

तू लिवलंस त्यात चुकी न्हाय. तसंच जालं.

मी येडी. मी मेले की पोर सुटंल, येवडंच बगितलं. मुदतीत मेले तर पोरगाच उगरा परतो, खोटा ठरतो, हे तू लिवलंस तवा डोक्यात आलं. आता गोल्या सुरू केल्या. शेजारनीनं डाक्टर आनला, सुई देतो. पाय कापावा लागंल बोलला, मी बोलले सोला तारीख जाऊ दे मंग काप, मानंपासून काप.

आता मना मरायचं न्हाय. सोला तारखेपरयंत मना जगू दे. तुज्या देवीला तेवडं सांग.

पोलिसाकडं मी येनार न्हाय. आई हाय मी. तू बी सांगू नको, तुज्या पाया परते, मोठी असून परते. त्या तिघी रोज येतात, दाराशी बसतात. काय मागत न्हायत. नुसत्या बसतात. तेंना मी काय देऊ सांग. पोर तर देता येत न्हाय ना.

पु.


अंजूर
शुक्रवार, १४ मार्च, धुळवड

चि. भावेश यास,

आशीर्वाद लिहायला हात वळला नाही. चिरंजीव सवयीने लिहिलं गेलं, ते असू दे.

तू मोबाईल उचलत नाहीस. दाराशी आले तर भाविका म्हणते घरी नाहीत. म्हणून हे लिहिते आहे आणि मनोजच्या हाती देते. तो तुझ्या हातात दिल्याशिवाय परत येणार नाही.

तुझी आई काल, गुरुवारी सकाळी हॉस्पिटलात वारली. पायाचं विष अंगभर पसरलं होतं. तू काकांना फोन केलास आणि म्हणालास, "रविवारपर्यंत गावात कळता कामा नये. आईला बर्फात ठेवायची सोय केली आहे. सोमवारी गेली असं सांगू. काकीला सांगा, होळीला नेहमीसारखी जा." ह्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. वर म्हणाले, "नेस साडी आणि जा. तू दिसली नाहीस तर विचारतील. मोठ्या भावाचं एकुलतं एक पोर आहे, विनिता."

मी साडी नेसले. भावेश, मी जायला निघाले होते, हे तुला कळायला हवं. होळीला पहिला कलश भजनी मंडळाच्या बाईने देवळातून उचलायचा असतो आणि यंदा तो माझ्याकडे होता. देवळाच्या पायरीपाशी आले. बाया वर फुगड्या घालत होत्या, ढोल वाजत होता. पाय उचलला आणि तो पायरीवर ठेवता येईना. घरच्या माणसाचं प्रेत पडलेलं असताना मी देवीच्या कलशाला हात लावू? आजवर मी खोटं बोललेच नाही असं नाही. तुझ्या काकांशी बोलले आहे, एक तारखेपासून सगळ्या मंडळाशी गप्प राहून बोलले आहे. पण सुतकात देवीला शिवणं माझ्याने झालं नाही.

मी खालीच उभी राहिले. सरोजिनी मॅडम वरून म्हणाल्या, "विनिताबाई, कलश? मुहूर्त चाललाय." मी म्हटलं, "मला चालत नाही."

"का चालत नाही? या वयात काय अडचण आली?" म्हणून कुणीतरी हसलं.

मी म्हटलं, "सुतक आहे. पुतळाबाय गेल्या, सकाळी."

ढोल आपोआप थांबला. किती दिवस उरले होते, हे कुणाला मोजावं लागलं नाही. सगळं गाव १६ तारखेवर डोळा ठेवून होतं. बायांनी एकमेकींकडे पाहिलं, मग तुझ्या घराकडे पाहिलं. रामू आईला घेऊन होळी बघायला आला होता. त्याने तिथेच जमिनीवर डोकं टेकलं. माझ्या जवळ येऊन म्हणाला, "माता ने इंसाफ़ कर दिया, काकी. अब मुझे किसी से कुछ नहीं चाहिए." बायाही तेच बोलायला लागल्या. देवीने तुझी आई नेली, हिशेब बरोबर झाला, आता पोलीस कशाला आणि कचेरी कशाला, पोराला आईविना ठेवलं हीच शिक्षा झाली. मग होळी पेटवली. कुणी तुझं नावही काढलं नाही. तू सुटलास, भावेश. आईचं प्रेत लपवायची गरजच नव्हती. ती मेली आणि तू सुटलास. तिला हवं होतं तसंच झालं.

पण देवीने तिला नेलेलं नाही. तिने गोळ्या सोडल्या, त्या मी वाटल्या, आणि उकळत्या पाण्यात पाय भाजला तो तिला कळला नाही. हे मी पाहिलं आहे. त्या तिघींनाही देवीने नेलं नव्हतं. तू दार लावलं होतंस. तुझ्या आईने माझा हात धरून मला ते सांगितलं. माझ्या शपथेच्या हट्टापायी तक्रार गेली, दार गेलं, आता तीही गेली. चौथी गोष्ट, त्या तिघींचा न्याय, देवीच्या नावावर मी घालू देणार नाही.

आज सकाळी मी टेमघरला गेले. सायरा रोज्याची होती, मदरशाच्या खोलीत बायांची यादी करत बसली होती. कोणती गोडाऊन बघायची राहिली, त्यांची. तिने बस म्हटलं नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तुझी आई काय बोलली, मला कधीपासून माहीत होतं, तेही. तिने पेन यादीवर ठेवलं. मग म्हणाली, "तेरह दिन से जानती थीं आप." मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मैं आपको माफ़ नहीं कर रही. लेकिन चलूँगी आपके साथ." रामूचं अजून ठरत नाही. तो आला नाही तरी आम्ही दोघी जाऊ. माझ्या एका जबाबाने किती होईल, मला ठाऊक नाही. मेलेल्या बाईच्या तोंडचं मी सांगणार, आणि मी तुझीच काकी. कदाचित साहेब लिहूनही घेणार नाहीत. लिहून घेईपर्यंत आम्ही बाकड्यावर बसू.

ह्यांनी कालपासून माझ्या हातचं पाणी घेतलेलं नाही. प्रितमने पुण्याहून फोन केला, "आई, तू घर मोडतेस." ते दोघंही मला सोडून तुझ्या बाजूला आले तर त्यांना नीट सांभाळ.

आता तुझ्याकडे एकच मागणं आहे. उद्या शनिवार. उजाडताच आईला घरी आण. ओसरी सारवून ठेवली आहे, गोवऱ्या काढल्या आहेत, पाणी तापवायला मी बसेन. कुणी आलं नाही तरी चार खांदेकरी मनोज आणील. तोंडात पाणी तू घाल, अग्नीही तूच दे. तिने सगळं तुझ्यासाठी केलं, एवढं तरी तुझ्या हातून तिला मिळू दे. दहा वाजता सायरा देवळाखाली रिक्षा घेऊन येणार आहे. मी तिच्यासोबत जाणार. स्मशानात तुझं आटपलं असो की नसो, मी थांबणार नाही.

काकी